लहान हात, दुखणारा अंगठा: पीसीसाठी कुठला कंट्रोलर घ्यावा?

मृ_इचलकरंजी

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर विचारते, कारण युट्यूबवर सगळे रिव्ह्यू बघून डोकं भणभणलंय आणि तिथे बोलणाऱ्या प्रत्येकाचे हात माझ्या दीडपट आहेत.

मी लॅपटॉपवर खेळते. रात्री ऑफिसचं काम, जेवणखाण सगळं आवरल्यावर दीड-दोन तास, शनिवारी जरा जास्त. मोठमोठ्या नकाशावर भटकायचे गेम आणि अधूनमधून गाड्यांचे. गेली दोन वर्षं एक स्वस्तातला वायरवाला पॅड वापरतेय, कंपनीचं नाव नको, पण त्याचे धरायचे दांडे जाड आहेत आणि वरच्या कडेचं ट्रिगरचं बटण दाबायला बोट पूर्ण ताणावं लागतं. माझा हात लहान आहे, मनगटाच्या रेघेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजला तर साडेसोळा सेंटिमीटर भरला. गेल्या दोन महिन्यांपासून डाव्या अंगठ्याच्या मुळाशी कळ येते, सकाळी कुकरचं झाकण फिरवताना पण जाणवते.

बजेट सहा हजारांपर्यंत. डोक्यात तीन नावं आहेत, एक्सबॉक्स सिरीजचा, प्लेस्टेशनचा ड्युअलसेन्स आणि निन्टेन्डो स्विचचा प्रो. बटणं किती, लाईट कुठला लागतो याच्याशी मला घेणं नाही. दोन तास हातात धरून हात दुखू नये एवढंच पाहिजे. ज्यांचे हात लहान आहेत त्यांनी तर नक्की सांगा.

नागपूरचा_गडी

ताई, आधी हे सांगतो की पॅड चांगला-वाईट नसतोच, तुमचा अंगठा सैल सोडला की कुठे पडतो त्यावर सगळं आहे. डोळे मिटा, पॅड हातात घ्या, खांदे सैल सोडा आणि डावा अंगठा आपोआप जिथे टेकतो तिथे काय आहे ते बघा. तिथे स्टिक, म्हणजे चहूकडे वळणारी छोटी दांडी, असेल तर तो पॅड तुमचा. तिथे डी-पॅड, म्हणजे चार दिशांचं बटण, असेल आणि स्टिकसाठी अंगठा आत वाकवून खाली न्यावा लागत असेल तर दोन तासांनी दुखणारच.

एक्सबॉक्समध्ये डावी स्टिक वर आणि प्लेस्टेशनमध्ये खाली, याचं कारण फार जुनं आहे. १९९४ ला पहिला प्लेस्टेशन आला तेव्हा त्याच्या पॅडला स्टिक नव्हत्याच, चार दिशांची बटणं आणि उजवीकडे त्रिकोण-चौकोन-गोल-फुली. गेम तेव्हा बरेचसे त्या दिशांच्या बटणांवर चालायचे म्हणून अंगठ्याची हक्काची जागा त्यांना मिळाली. नंतर १९९७ मध्ये स्टिक आल्या, ड्युअलशॉकपण त्याच वर्षीचा, पण मूळ साचा तोच ठेवून उरलेल्या जागेत खाली दोन्ही बसवल्या. तेव्हापासून आजपर्यंत ती मांडणी तशीच आहे, लोकांना सवय झाली आणि आता ती त्यांची ओळख झाली. सेगा कंपनीच्या ड्रीमकास्ट कन्सोलने १९९८ ला आणि मायक्रोसॉफ्टने २००१ ला पहिल्या एक्सबॉक्ससोबत पॅड काढले तोवर थ्रीडी गेम आले होते, चालणं-पळणं सगळं स्टिकवर, म्हणून त्यांनी स्टिक वर घेतली आणि डी-पॅड खाली ढकलला.

तुम्ही भटकायचे गेम खेळता म्हणजे डावा अंगठा जवळपास पूर्ण वेळ स्टिकवरच. दुखतोय पण डावाच. माझं मत सरळ एक्सबॉक्स सिरीज. २०२० ला हा पॅड आणताना त्यांनी आधीच्या एक्सबॉक्स वनच्या पॅडपेक्षा मुद्दाम थोडा लहान केला, दांडे आणि ट्रिगर गोलसर केले, आठेक वर्षांच्या मुलाच्या हातातही नीट बसावा हा विचार होता, आणि मोठ्या हातवाल्यांना पण काही फरक पडला नाही. शिवाय विंडोजवर लावला की लगेच चालतो, पीसीच्या गेममध्ये स्क्रीनवर पण बहुतेक वेळा ए-बी-एक्स-वाय अशीच चिन्हं येतात.

कांदेपोहे_आणि_कन्सोल

गडीभाऊंशी अर्धाच सहमत. उजवी स्टिक दोन्हीकडे खालीच आहे हे सगळे विसरतात! एक्सबॉक्समध्ये डावा अंगठा आरामात असतो पण कॅमेरा फिरवायला उजवा खाली वाकवावाच लागतो. बंदुकीच्या गेममध्ये दोन्ही अंगठे सतत स्टिकवर, तिथे दोन्ही हात एकाच कोनात राहिलेले मला बरे वाटतात, एक हात वर एक खाली असं धरलं की माझे खांदे पण तिरके होतात. मी वीस वर्षं प्लेस्टेशनचा माणूस आहे त्यामुळे सवयीचा भाग असेल, पण ड्युअलसेन्स हा आधीच्या ड्युअलशॉक ४ पेक्षा आकाराने खूपच सुधारलाय. दांडे लांब झाले, फाकले, तळहात भरतो. वजन वाढलं हे खरं, ड्युअलशॉक ४ साधारण २१० ग्रॅमचा होता आणि हा २८० च्या आसपास. पण एक्सबॉक्समध्ये दोन सेल टाकले की तोही तिथेच जातो.

आणि हाताला काय जाणवतं त्याबद्दल कुणीच बोलत नाही राव. पीएस५ सोबत अॅस्ट्रोज प्लेरूम नावाचा गेम फुकट येतो, त्यात वाळूवर चाललं की वाळू, काचेवर चाललं की काच तळहाताला कळते, पाऊस पडला की थेंब. ट्रिगरच्या आत छोटी मोटर आहे, ती गेमप्रमाणे ट्रिगर घट्ट करते, धनुष्य ओढताना ताण लागतो. मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा आईला बोलावून तिच्या हातात दिला होता, ती पण बघतच राहिली. ट्रिगरची ही गंमत तुमच्या बाकीच्या दोन पॅडमध्ये नाही.

ठाण्याचा_सोल्डर

मी पॅड दुरुस्त करतो, दिवसाला दोन-तीन उघडतो, त्यामुळे आतून सांगतो.

वरच्या भाऊंनी ट्रिगरचं कौतुक केलं ते बरोबरच आहे पण ताईंचा हात दुखतोय. घट्ट होणारा ट्रिगर म्हणजे बोटाला जास्त जोर. पीएस५ वर सेटिंगमध्ये तो जोर आणि व्हायब्रेशन दोन्ही कमी किंवा बंद करता येतात, ज्यांना घ्यायचाय त्यांनी तेवढं करून घ्या. पीसीवर ही मजा बऱ्याच गेममध्ये केबल लावली तरच मिळते. स्टीमवर, म्हणजे पीसीचे गेम घ्यायच्या-चालवायच्या अॅपवर, ड्युअलसेन्स व्यवस्थित चालतो, स्टीमच्या बाहेर कधी कधी खटपट.

स्विच प्रो हातात धरायला मस्त आहे, गोलसर आहे, एकदा चार्ज केला की चाळीसेक तास जातो. पण त्याचे ट्रिगर म्हणजे नुसतं बटण, चालू किंवा बंद. गाडीचा गेम खेळता म्हणालात ना, अर्धा अॅक्सिलरेटर देता येणार नाही, दिला की पूर्णच. तुमच्यासाठी तो इथेच बाद.

आता मुख्य गोष्ट. आकाराइतकंच स्टिक कुठल्या जातीची आहे ते बघा, कारण स्टिक झिजली की आपण नकळत जास्त जोर लावतो. बहुतेक पॅडमध्ये जुन्या पद्धतीची स्टिक असते, आत कार्बनचा पट्टा आणि त्यावर घासत फिरणारी पत्र्याची जीभ, रेडिओच्या आवाजाच्या जुन्या बटणासारखं. घासून घासून पट्टा झिजतो, वर धूळ, मग स्टिक सोडली तरी गेममधला माणूस आपला हळूहळू डावीकडे चालत राहतो. यालाच ड्रिफ्ट म्हणतात. मोठमोठ्या कंपन्यांना यावरून कोर्टाची पायरी चढावी लागलीय, निन्टेन्डोच्या अध्यक्षांनी २०२० मध्ये स्विचच्या जॉय-कॉन या छोट्या कंट्रोलरबद्दल ग्राहकांची माफी पण मागितली होती.

दुसरी जात हॉल इफेक्टची. त्यात लोहचुंबक फिरतो आणि सेन्सर लांबून त्याची जागा ओळखतो, घासणारं काही नाहीच. लोकांना वाटतं हे आत्ताचं आहे, पण सेगाने त्यांच्या सॅटर्न कन्सोलच्या थ्रीडी पॅडमध्ये १९९६ ला आणि नंतर ड्रीमकास्टमध्ये हेच वापरलं होतं. मधली वीसेक वर्षं जवळजवळ सगळ्यांनी सोडून दिलं, मला याचं खरंच वाईट वाटतं, किती पॅड कचऱ्यात गेले असतील. आता गुलीकिट, एटबिटडू, गेमसर वगैरेंच्या पॅडमध्ये हॉल किंवा त्याच्या पुढची, तीही चुंबकावरच चालणारी, टीएमआर स्टिक मिळते आणि किंमत पण तुमच्या बजेटच्या आत.

माझ्याकडे येणाऱ्यांना वाटतं स्टिक बदलणं म्हणजे पाच मिनिटांचं काम. एका स्टिकला चौदा पाय असतात, सगळ्यांचं सोल्डर एकदम सोडवावं लागतं, घाई केली की बोर्डावरची चकती उखडते आणि पॅड गेला. एकच पॅड मला मनापासून आवडला, ड्युअलसेन्स एज, त्यात स्टिकचा पूर्ण भाग हाताने काढून दुसरा बसवता येतो. किंमत मात्र बजेटच्या कितीतरी वर.

शमा_फिजिओ

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि स्वतः खेळते. मृ, पॅडचं नंतर. कुकरचं झाकण फिरवताना दुखतं हे वाचून लिहावंसं वाटलं.

अंगठा मुठीत धर आणि मूठ हळूच करंगळीच्या बाजूला खाली झुकव. अंगठ्याच्या बाजूने मनगटावर जोरात कळ आली तर तिथल्या स्नायूबंधांच्या आवरणाला सूज असण्याची शक्यता आहे, त्याला डी क्वेर्व्हेन म्हणतात. लहान बाळाला सतत उचलणाऱ्या आयांमध्ये हे आम्ही खूप बघतो, आणि हल्ली फोनवाल्यांमध्ये. घरच्या घरी केलेल्या या चाचणीवर निदान करायचं नाही, जोर तर अजिबात लावायचा नाही, पण दोन महिने झालेत म्हणजे अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवायलाच हवं.

गेममुळे अंगठा दुखणं नवीन नाही. १९९० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका पस्तीस वर्षांच्या बाईंची केस छापून आली होती, सलग पाच तास खेळल्यावर अंगठ्याचा स्नायूबंध दुखायला लागला होता, डॉक्टरांनी त्याला नावच निन्टेन्डिनायटिस दिलं.

पॅड कुठलाही घे, धरताना मनगट सरळ राहू दे. गादीवर लोळून खेळताना कोपर अधांतरी असतात आणि सगळा भार मनगटावर येतो, त्यापेक्षा मांडीवर उशी घे आणि हात तिच्यावर टेकव, पॅडचं वजन उशीने घ्यायचं. अर्ध्या तासाने पॅड खाली. स्टिक शेवटपर्यंत दाबून धरायची सवय असते आपल्याला, पळायचं म्हणून पुढे रेटून धरतो, तिथे अंगठा सतत आवळलेला राहतो. बऱ्याच गेममध्ये एकदा दाबलं की आपोआप पळत राहायचं सेटिंग असतं, ते लाव.

दमट_मुंबई

एक छोटं. आमच्याकडे जूनपासून हाताला घाम, पॅड सटकतो आणि मग आपण तो अजून आवळतो. मागची बाजू खरखरीत आहे का बघा. एक्सबॉक्स सिरीजला मागे आणि ट्रिगरवर बारीक ठिपके आहेत, ड्युअलसेन्सचा खरखरीतपणा म्हणजे त्रिकोण-चौकोन-गोल-फुली एवढ्या बारीक कोरलेत की भिंगातून दिसावेत. रबराचा मऊ थर दिलेले पॅड दुकानात छान लागतात पण आपल्या हवेत दोन-तीन वर्षांत तो थर चिकट होतो, माझे दोन असेच गेले.

सोलापूर_८५

मला इतिहासात रस आहे म्हणून लिहितो, आणि ताईंच्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे.

आपल्या पिढीने लहानपणी हातात धरला तो टीव्हीला लावायच्या व्हिडिओ गेमचा रिमोट, आम्ही रिमोटच म्हणायचो. पिवळी कॅसेट, मारिओ आणि कॉन्ट्रा. निन्टेन्डोच्या १९८३ च्या फॅमिकॉमची नक्कल होती ती, आपल्या कुणाला तेव्हा माहीत नव्हतं. चपटा आयत, कोपरे तळहातात रुतायचे, मे महिन्याच्या सुट्टीत अंगठ्याला फोड यायचे. पण त्यातली एक गोष्ट आजही जवळपास प्रत्येक पॅडवर आहे, डावीकडचं अधिकचं चिन्ह, म्हणजेच डी-पॅड. निन्टेन्डोच्या गुनपेई योकोई यांनी ते १९८२ मध्ये खिशात मावणाऱ्या डाँकी काँगच्या गेमसाठी केलं होतं. जॉयस्टिकचा दांडा खिशात मावत नाही म्हणून चपटं बटण, त्या अडचणीतून निघालेली गोष्ट चाळीस वर्षं टिकली.

मग सुपर फॅमिकॉमने १९९० ला कोपरे गोल केले आणि पॅडच्या वरच्या कडेला, खांद्यापाशी, दोन बटणं दिली. तिथून पॅड हाताचा विचार करायला लागला असं मी मानतो.

चुका पण झाल्या. निन्टेन्डो ६४ चा पॅड १९९६ चा, त्याला तीन दांडे, हात दोन. त्यावरच्या एका पार्टीच्या गेममध्ये स्टिक गरागरा फिरवायची होती, मुलं अंगठ्याऐवजी तळहाताने फिरवायची आणि कातडी सोलायची, शेवटी न्यूयॉर्कच्या अॅटर्नी जनरलने लक्ष घातल्यावर २००० मध्ये कंपनीने हातमोजे द्यायचं कबूल केलं. आणि ताई, लहान हातांचा मुद्दा तर पहिल्या एक्सबॉक्सनेच जगाला शिकवला. २००१ चा तो पॅड, ड्यूक नावाने ओळखला जाणारा, अवाढव्य होता, आतला सर्किट बोर्डच मोठा होता म्हणून वरचं कवच मोठं. जपानसाठी वेगळा लहान पॅड करावा लागला, आणि तो लहान पॅडच नंतर सगळीकडे नेहमीचा झाला. म्हणजे लहान हातांसाठी केलेली वस्तू मोठ्या हातांनाही बरीच वाटली. दुकानात कुणी सांगेल की लेडीज हातासाठी वेगळं काही नसतं, ऐकू नका, हाताच्या मापाचा विचार हाच या सगळ्याचा पाया आहे.

माझा स्वतःचा आवडता मात्र निन्टेन्डोच्याच गेमक्यूब कन्सोलचा. मधे मोठं हिरवं बटण, शेजारी छोटं लाल, बाजूने दोन वाकडी. प्रत्येकाचा आकार वेगळा म्हणून अंगठ्याला न बघता कळतं कुठलं काय. आजच्या पॅडवर चारही बटणं एकसारखी गोल, हे मला पटलेलं नाही.

धाकटा_सांगली

वाचतोय तेव्हापासून लिहू की नको करत होतो.

माझ्या मावसभावाचा उजवा हात अपघातानंतर चालत नाही. आधी तो आणि मी तासन्तास फुटबॉल खेळायचो. अपघातानंतर वर्षभर त्याने टीव्हीकडे पाहिलं पण नाही. मग परदेशातून येणाऱ्या एका ओळखीच्यांनी एक्सबॉक्स अॅडॅप्टिव्ह कंट्रोलर आणला. २०१८ ला आलाय तो. पांढरी चपटी पाटी, वर दोन मोठ्या गोल चकत्या, मागे ओळीने हेडफोनसारखी एकोणीस भोकं. प्रत्येक भोक म्हणजे एक बटण. तिथे पायाने दाबायचा पेडल लावा, कोपराने दाबायचं बटण लावा, काहीही. खोकं उघडायला पण बोटं लागत नाहीत, मोठे फास दिलेत, ते ओढले की उघडतं. त्याने स्वतः उघडलं, आम्ही कुणी हात लावला नाही.

डाव्या हातात साधा पॅड, पास आणि शॉट पायाखाली. एक्सबॉक्सवर दोन पॅड एकच समजून चालवायची सोय आहे, त्यामुळे सुरुवातीला उजवी स्टिक मी दुसऱ्या पॅडवर धरायचो आणि बाकी तो. आता माझी गरज लागत नाही. सोनीचा पण अॅक्सेस नावाचा असाच गोल पॅड २०२३ ला आलाय.

ताई, तुमचं दुखणं बरं होईलच. पण तोवर एक करून बघा, स्टीममध्ये किंवा एक्सबॉक्सच्या अॅपमध्ये बटणांची अदलाबदल करता येते. जे सगळ्यात जास्त दाबावं लागतं ते न दुखणाऱ्या बोटाखाली आणा. आम्ही हेच करत करत शिकलो.

मृ_इचलकरंजी

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन रविवार गेले, आता सांगते काय झालं.

शमाताईंचं ऐकून आधी डॉक्टरांकडे गेले. तेच निघालं, डी क्वेर्व्हेन. अंगठ्यासकट मनगटाला तीन आठवड्यांचा स्प्लिंट दिलाय आणि फोन डाव्या हाताने वापरायचा नाही असं बजावलंय. पॅड तर नाहीच.

पण मैत्रिणीच्या घरी पीएस५ आणि एक्सबॉक्स दोन्ही आहेत, तिच्या नवऱ्याचा स्विच पण. दहा मिनिटं स्प्लिंट काढून गडीभाऊंनी सांगितलं तसं डोळे मिटून एकेक नुसता धरून बघितला, खेळले नाही. ड्युअलसेन्स हातात घेतला की खरंच भारी वाटतं, वस्तू म्हणून तोच सगळ्यात देखणा, पण माझा डावा अंगठा सैल सोडला की डी-पॅडवर पडतो आणि स्टिककडे नेला की नेमकी तीच कळ. एक्सबॉक्स सिरीजवर अंगठा सरळ स्टिकच्या टोपीवर पडला, काहीच न करता. ट्रिगरपण पहिल्या पेरात आले. मैत्रिणीचा अंगठा माझ्यापेक्षा बोटभर लांब, तिचा मात्र ड्युअलसेन्सवर बरोबर स्टिकवर जातो, तिला एक्सबॉक्सवर गुदमरल्यासारखं होतं म्हणाली. एकाच सोफ्यावर बसून दोघींची दोन उत्तरं.

सोल्डरदादा, तुमच्यासाठी एक प्रश्न उरलाय. मांडणी एक्सबॉक्ससारखी आणि आत हॉलची स्टिक असं काही घ्यावं असं आता मनात आहे, पण त्यातले काही पॅड मूळ एक्सबॉक्सपेक्षा जाड वाटतात फोटोत. तुमच्याकडे उघडायला येतात त्यातला सगळ्यात बारीक दांड्यांचा कुठला?

ठाण्याचा_सोल्डर

फोटोवर जाऊ नका ताई. माझ्याकडे आत्ता तीन वेगवेगळे पडलेत, उद्या दुकानात कॅलिपर लावून तिन्हींच्या दांड्यांची जाडी आणि डाव्या स्टिकपासून कडेपर्यंतचं अंतर मोजतो, मूळ एक्सबॉक्स सिरीजचं पण, आणि इथेच टाकतो. तुम्ही तुमच्या अंगठ्याची लांबी मोजून ठेवा, मुळापासून टोकापर्यंत. स्प्लिंट निघाल्यावर मोजा, घाई नाही.